भिमाबाईचा एकच फोटो

हौसेराव आणि मी दिघ्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होतो. कारखाना बंद पडला. मी दुसरीकडे लागलो. त्याने डिजिटल कॅमेरा घेतला आणि वस्तीतली लग्नं, नामकरणं आणि मयतानंतरची पुण्यानुमोदनं यांचे फोटो काढू लागला. काम चोख.

पुढे उजवा डोळा गेला. कॅमेऱ्याला डोळा लावून बघणं जमेना, म्हणून तो मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायला शिकला. त्याला लाइव्ह व्ह्यू म्हणतात. बटण अर्धं दाबलं की लेन्स घरघरते, समोरचा चेहरा शोधते, त्यावरचा चौकोन हिरवा होतो.

"हिरवं झालं म्हणून भरवसा ठेवायचा नाय," तो म्हणायचा. "फोटो मोठा करून पापणी बघायची. दिसली नाय तर परत काढायचा."

बायकोचा, भिमाबाईचा फोटो मात्र त्याने कधी काढला नव्हता. ती आजारी पडली, दवाखान्याने उपाय संपले म्हणून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तीच म्हणाली, "अहो, जगाचं फोटो काढलं. माझा एक काढा. पुण्यानुमोदनाला लागंल."

"गप ए," हौसेराव म्हणाला. पण कॅमेरा घेतला.

त्यांच्या मुलीने, संघप्रियाने, तिला उचलून खुर्चीत बसवलं. मागे भिंतीवर बुद्धांची तसबीर. उजेड कमी. लेन्स घरघरत राहिली. भिमाबाईची मान कलू लागली.

"तुमच्या मशीनला मी दिसत नाय वाटतं."

तेवढ्यात चौकोन हिरवा झाला. त्याने बटण दाबलं.

"झालं?"

"झालं. नीज आता."

त्याने मोठं करून बघितलं नाही. कॅमेरा ठेवून तिला धरायला धावला. मी तिथेच होतो. मीही बोललो नाही.

चौथ्या दिवशी ती गेली.

ऐरोलीच्या स्टुडिओत फोटो कॉम्प्युटरवर उघडला. तसबिरीतल्या मिटलेल्या पापणीची रेघ न् रेघ स्पष्ट. चौकोन त्या चेहऱ्यावर बसला होता. पुढे खुर्चीत नुसतं धुकं.

"काका, हा सुधारणार नाही," स्टुडिओवाला म्हणाला.

"माहितीय मला," हौसेराव म्हणाला.

पुण्यानुमोदनाला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. कपाळावर तेल चमकतंय, डोळे वटारलेले. पण ओळखू येत होती. वंदना झाली, लोक फुलं वाहून गेले. हौसेराव चांगला डोळा फोटोजवळ नेऊन बराच वेळ वाकून उभा राहिला.

"हा कुणी काढला असंल रे?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं.