डाळमिलची कंपनी केली तेव्हा

शेजारच्या तालुक्यात एक डाळमिल जळाली आणि तिच्या मालकाचं घरही गेलं. घराला आग लागली नव्हती. मिल, घर, शेत, सगळं कायद्याच्या नजरेत एकाच माणसाचं होतं, म्हणून मिलच्या देण्यापायी ते एकेक करून गेलं. ही हकिगत ऐकल्यापासून मिल बंद करताना मी मोटारीचा स्विच दोनदा बघू लागलो, मग तीनदा.

आमची मिल कर्नाटकातल्या बसवकल्याण तालुक्यातली, वडिलांनी टाकलेली. आधी एकट्या त्यांची, मग एकट्या माझी. मी कलबुर्गीच्या सीएंकडे गेलो. ते म्हणाले, एकट्याची फर्म बंद करा आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा. कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळा माणूस. उद्या काही झालं तर तो बुडेल, तुम्ही नाही. "तुमची जबाबदारी मर्यादित," हे वाक्य त्यांनी तीर्थ दिल्यासारखं जपून दिलं. मीही ओंजळीत घेतलं.

कंपनीला किमान दोन संचालक लागतात. मी बायकोला विचारलं.

"मला काय करावं लागंल?"

"सही."

"सही करायची अन् काय इचारायचं न्हाई, व्हय? मंग लग्नापासून मी संचालकच हाय की."

पुढे उद्दिष्टांचा कागद आला. त्यानुसार आम्ही डाळी, शीतगृहं, जहाजवाहतूक आणि जगाच्या कोणत्याही भागात याला पूरक असे सर्व व्यवसाय करणार होतो. तोवर आमची झेप हैदराबादपर्यंत होती, तीही ट्रान्सपोर्टवाल्याच्या सवडीनं. नोंदणीचा दाखला आल्यावर मेहुण्यानं चौकात फ्लेक्स लावला. त्यात मी हात जोडून उभा होतो आणि खाली 'चेअरमन' लिहिलं होतं. कंपनीत माणसं दोन, त्यातलं एक तेव्हा भाकरी थापत होतं.

आमच्याकडे वडिलांपासूनची एक रीत आहे. मळणी होऊन रास झाली की शेतकरी तूर आमच्या गोदामात आणून ठेवतात. विकत नाहीत, ठेवतात. भाव मनासारखा झाला की येऊन म्हणतात, "आता घ्या." तोवर पोती त्यांची, छप्पर आमचं. पावती कोणी मागत नाही, आम्ही देत नाही. कोणाची थप्पी कुठली, हे हमालांना तोंडपाठ असतं. आमची मिल या तुरीवरच चालते. सीएंना हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कागद मागितले होते, आणि या गोष्टीचा कागद नव्हता.

दरवर्षी पहिला ट्रॅक्टर मुडबीच्या अण्णांचा यायचा. तो आला की बाकीचे येत. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्यांच्या शेतावर जेवायला जायचं, हेही ठरलेलं. त्या वर्षीही गेलो. कडब्याच्या कोपीसमोर पंगत बसली होती, भोवती तूर वाळत आली होती.

"बोर्ड बदललाव म्हनं, धाकटे सावकार?" अण्णांनी विचारलं. पन्नाशी उलटली तरी मी धाकटाच. थोरले जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती जागा रिकामी धरत नाहीत.

"व्हय अण्णा. कंपनी केली."

"कामून?"

मी जळालेल्या मिलची गोष्ट सांगितली. मग सीएंचं वाक्य सांगितलं. ते मला इतकं आवडलं होतं की दोनदा सांगितलं.

अण्णा घास थांबवून म्हणाले, "म्हंजी उद्या मील जळली तर तुमचं घर ऱ्हातंय."

"व्हय."

"अन् माझी तूर?"

मी अंबिलीचा घोट घेतला.

"विमा हाय की," मी म्हणालो.

"माझ्या पोत्यांचा?"

विमा होता तो कंपनीच्या मालाचा. अण्णांची पोती जगातल्या कुठल्याच कागदावर नव्हती. खोटं बोलायला जागा होती, पण ते माझ्याकडे बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो.

"खाऊ द्या की माणसाला," त्यांच्या घरच्या अक्का ओरडल्या. "येळवसीला कुणी जळायच्या गोष्टी काढतंय का?"

अण्णा हसले. माझ्या पानात भज्जी वाढली, आग्रहानं वाढली, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. भांडले असते तर मी निश्चिंत घरी आलो असतो.

राशी सुरू झाल्या. पहिला आठवडा मी गेटाजवळ खुर्ची टाकून बसलो. तुरीचे ट्रॅक्टर दिसायचे, पण ते रस्त्यानं सरळ पुढे जायचे. मंठाळच्या एकानं तर हात उंचावून नमस्कार केला आणि गाडी तशीच पुढे काढली. हमाल सावलीत पत्ते खेळत होते. मी दिसलो की आधी लपवायचे, नंतर लपवेनासे झाले. घरी जेवायला बसलो.

"संचालक म्हणून इचारते," बायको म्हणाली, "तूर येणार हाय का न्हाई?"

आठव्या दिवशी सकाळी अण्णांचा ट्रॅक्टर आत आला. हमाल पळत गेले. अण्णांनी हात आडवा केला.

"थांबा रे. आधी कागद."

मी धावत जाऊन नवं लेटरहेड आणलं. अण्णांनी ते उलटसुलट बघून परत दिलं.

"हे कंपनीचं हाय. साधा कागद घ्या. कन्नडात लिवा, मला वाचता आलं पायजे."

"काय लिहू?"

"इतकी पोती ठिवली. काय झालं तर मी भरून देतो. मी म्हंजी तुमी. कंपनी न्हाई."

सीएंनी तीन महिने खपून जी भिंत बांधली होती, तिला हा कागद म्हणजे दारच होतं, ट्रॅक्टर जाईल एवढं. जळालेल्या मिलवाल्याचं घर मी पाहिलेलं आहे. दारावर आता दुसऱ्याची पाटी आहे.

"अण्णा, मग कंपनी कशाला केली मी?"

"ऱ्हाऊ द्या की ती. बँकेला दावायला चांगली हाय."

ट्रॅक्टरचं इंजिन त्यांनी बंद केलेलं नव्हतं. मी लिहिलं. शिक्का उचलला तर म्हणाले, "त्यो नको." मी फक्त सही केली. अण्णांनी एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, घडी घालून कागद आतल्या खिशात ठेवला आणि इंजिन बंद केलं.

दुपारी तो मंठाळचा आला. ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधीच त्यानं विचारलं, "साधा कागद हाय न्हवं?"

मी हमालाला वही आणायला दुकानात पाठवलं. त्यानं दोनशे पानी आणली. माझं घर एकच आहे.