चुकलेली नाणी आणि आम्ही

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. ते खिशातल्या चिल्लरसारखे साठत जातात आणि एक दिवस खिसा जड लागतो, तसं माझं झालंय. सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण टेबल टाकून बसतो. सगळे नाणीवाले. त्यातही चुकलेल्या नाण्यांचे वेडे. कुठे छापा सरकलेला, कुठे एक बाजू कोरी, कुठे आकडा दोनदा उमटलेला. चहा येईपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग कोणीतरी विचारतं, "हे चुकून झालं की कोणी मुद्दाम केलं?" की संपलं!

आमच्यात एक साळवी होते. टाकसाळीतून रिटायर झालेले. कुठल्या, ते विचारू नका. ते शांतपणे समजावायचे, "धातूची कोरी चकती मशीनमध्ये जाते, वरून-खालून ठसे आपटतात, नाणं बाहेर. चकती जरा तिरकी बसली की छापा सरकला. दोन चकत्या एकावर एक गेल्या, की दोन्हींची एकेक बाजू कोरी. एवढंच."

* * *

कोरी बाजू म्हटलं की शिंदे आठवतो. मूळचा साताऱ्याकडचा, मार्केटमध्ये कांद्याच्या गोणी उचलतो. त्याला एकदा दोन रुपयांचं नाणं मिळालं, मागची बाजू साफ कोरी! साळवींनी भिंगाखाली धरून सांगितलं, "अस्सल आहे." शिंद्याने ते देव्हाऱ्यात ठेवलं.

पुढच्याच महिन्यात गोणीसकट घसरला. कमरेचं हाड मोडलं. तीन आठवडे हॉस्पिटल. आम्ही भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला, बोलेना. आम्हाला वाटलं, कंबर दुखत असेल.

बायको म्हणाली, "मेडिकलवाला सुट्टे मागत होता. देव्हाऱ्यातलं दिलं."

त्या बाईला आमची तोंडं बघून रागच आला. "असं काय बघताय? दोन रुपयाचं होतं, दोन रुपयाला गेलं!"

शिंद्याची हमाली सुटली. आता तो बसून कांदे निवडायचं काम करतो.

* * *

वाशीला नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं. एका स्टॉलवर म्हातारे व्यापारी बसलेले. मी म्हटलं, "शेठ, इतकी वर्षं धंद्यात आहात. खरं सांगा, ही नाणी चुकून होतात की मुद्दाम?"

"विकताना चुकून झालेली," शेठ म्हणाले, "आणि घेताना मुद्दाम केलेली!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

* * *

घणसोली गावात प्रकाश म्हणून एकजण भाड्याच्या खोलीत राहायचा. कंपनी बंद पडल्यावर त्याने एक जुना हातप्रेस आणला आणि घरीच चुका बनवायला लागला. चांगलं नाणं घ्यायचं, दाबायचं, वाकवायचं, "दुर्मिळ" म्हणून विकायचं. आमच्याकडेही आला होता. साळवींनी एकच नाणं हातात घेतलं. "टाकसाळीत ठशाखाली धातू वाहतो रे. ह्या नाण्याने नुसता मार खाल्लाय." प्रकाशने मुकाट्याने डबा बंद केला.

दोन-तीन महिन्यांनी परत आला. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती.

करावे गावचे म्हात्रे आमच्यात वयाने मोठे. त्यांनी विचारलं, "आरं, ह्या काय झाला?"

प्रकाशने हात टेबलावर ठेवला, नाणं ठेवावं तसा. म्हणाला, "बघून घ्या, साळवीसाहेब. हे ओरिजनल आहे. ॲक्सिडेंटल. पाहिजे तर सर्टिफिकेट देतो!"

साळवींनी त्याच्यासाठी चहा मागवला. डाव्या हाताने त्याला कप धरता येईना.

* * *

म्हात्र्यांची गोष्ट त्यांच्या वहिनीची. भाऊ खाडीत मासेमारी करायचा, तो गेला. वहिनी एकटीच. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघितला, 'असं नाणं असेल तर लाखो रुपये.' घरात पाच रुपयांचं एक जाडजूड नाणं होतं, नवऱ्याने कधीतरी ठेवलेलं. तिने फोन लावला. पलीकडचा माणूस भारी गोड बोलायचा, आईच म्हणायचा. आधी रजिस्ट्रेशन, मग टॅक्स, मग कुरिअरचा इन्शुरन्स. वहिनीने पाटल्या मोडल्या. म्हात्र्यांना कळलं तेव्हा फोन बंद झाला होता.

पोलीस स्टेशनला मीही सोबत गेलो होतो. साहेब भला माणूस. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "नाणं आणलंय का?"

वहिनीने पदराची गाठ सोडली. साहेबांनी नाणं उलटून बघितलं, मग मला दिलं. मी भिंग लावलं. छापा सरळ, काटा सरळ, कड नीट. जुनं होतं, बाकी काही नाही.

साहेब म्हणाले, "मावशी, ह्यात तर काहीच चुकलेलं नाही."

वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग माजा काय चुकला?"

* * *

आता साळवींचंच सांगतो.

टाकसाळीत त्यांच्या शेजारच्या मशीनवर कदम म्हणून होते, जिवाभावाचा दोस्त. डबा एकत्र, गावची जत्रा एकत्र. एकदा बाहेर बाजारात काही नाणी सापडली. नाणं बाजूने उलटलं की मागचा आकडा सरळ दिसायला हवा. ह्यांच्यात तो आडवा पडलेला. आणि सगळी एकसारखी! तपास लागला, नाणी कदमांच्या मशीनची निघाली. चौकशीत प्रश्न दोनच, "चूक असती तर एखाद-दुसरं नाणं असतं. इतकी सारखी कशी? आणि बाहेर नेली कोणी?"

कदम सस्पेंड झाले. त्यांच्या बाजूने बोलायला एकटे साळवी उभे राहिले. ठसा सैल होऊन आपोआप फिरू शकतो, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कोणी ऐकलं नाही. कॉलनीतली माणसं कदमांना टाळायला लागली. कदमांनी घराबाहेर पडणं सोडलं, मग जेवण सोडलं. एका दुपारी खुर्चीतच गेले. त्यानंतर वर्षभराने पत्र आलं, आरोप सिद्ध होत नाहीत. ते बायकोने सही करून घेतलं.

तेव्हापासून कदमवहिनी दर संक्रांतीला साळवींकडे तिळगूळ घेऊन यायच्या. म्हणायच्या, "भावजी, सगळ्यांत तुमी एकलंच बोललासा."

मागच्या वर्षी साळवींना कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी मी रोज सकाळी जायचो. एक दिवस त्यांनी बायकोला चहा करायला पाठवलं आणि उशीखालून औषधाची छोटी डबी काढली. आत चार नाणी. मी एकेक उलटून बघितलं. चारही आडवी.

मी म्हटलं, "ठसा सैल झाला असणार. तुम्हीच तर सांगता."

"सैल झाला नव्हता," साळवी म्हणाले. "कदम जेवायला गेला होता. मी फिरवला."

मी विचारलं, "कशासाठी?"

तेवढ्यात बेल वाजली. साळवींच्या बायकोने दार उघडलं. कदमवहिनी! साळवींसाठी पेज घेऊन आल्या होत्या, झाकणाला फडकं बांधून. मी मूठ मिटायच्या आत एक नाणं गादीवर पडलं.

वहिनींनी ते उचललं. बाजूने उलटलं, पुन्हा उलटलं. ते कसं बघायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

"हेच ते," त्या म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि साळवींच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "भावजी, आपसूक होतंय न्हवं असं? चुकून?"

साळवींनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हो वहिनी," ते म्हणाले. "चुकूनच होतं."