जागा बघणारे काका

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात काकांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. त्यातले दोनच गळत होते. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि त्या दिवशी काकूंना मीठच सापडेना.

"अहो, तुम्ही कुठंतरी जात जा ना," काकू म्हणाल्या. "कुठंही जा. पण जा."

जायचं तर कुठं? एकतीस वर्षं काका वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करत होते. खांद्याला पिशवी, हातात विजेरी, खिशात वही. शहरातला प्रत्येक जिना, प्रत्येक मागचं दार त्यांना तोंडपाठ. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हेसुद्धा. पण आता मीटर ऑफिसातूनच वाचले जायचे आणि काकांकडे घराबाहेर पडायला निमित्त उरलं नव्हतं.

त्यांची मुलगी फोटोग्राफर. कुटुंबांचे फोटो काढायची, तेही बाहेर, झाडांत, पाण्याकाठी. काकांना हे काम फारसं उमगायचं नाही. तिनं बँकेतली नोकरी सोडली तेव्हा ते चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते, आणि नंतर बोलले ते फक्त तिच्या गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल.

एका रविवारी ती सकाळीच घरी परतली, घोट्यापर्यंत चिखलात. "फोनवर जागा इतकी छान दिसत होती!" तिनं बूट दारातच सोडले. नदीकाठचं कुरण होतं. आदल्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, सगळा चिकचिकाट. फोटोला आलेल्या घरातल्या आजी घसरल्या. लागलं नाही, पण रुसल्या. बाळाला मुंग्या चावल्या. अर्ध्या तासात मंडळी तोंडं पाडून निघून गेली. "मी एकटी कुठं कुठं जाऊन बघणार, सांगा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकांनी कामावरचे जुने बूट बाहेर काढले.

संध्याकाळी त्यांनी वही तिच्यापुढे ठेवली. बारीक, सरळ अक्षर. "तळ्यामागची बाग. ऊन आठ ते सव्वानऊ डावीकडून, मग डोळ्यांवर. बाक दोन, एक मोडका. लाल मुंग्या कुंपणालगत, दहा पावलं आत नाहीत. स्वच्छतागृह आहे, कडी नाही."

"बाबा, हे फोटोसाठी आहे की बिलासाठी?" ती हसली. मग वही स्वतःकडे ओढून तिनं तो मजकूर पुन्हा सावकाश वाचला.

पण काकांना सगळ्यात पसंत पडलेली जागा होती पाण्याच्या टाकीमागची. सपाट, दिवसभर सावली, गाडी थेट दारात. मुलगी बघायला गेली आणि डोक्याला हात लावून बसली. "बाबा, मागे सात पाइप आहेत. प्रत्येकाच्या डोक्यातून एकेक निघेल!"

"मग काय बघायचं ते तरी सांग," काका जरा फुरंगटून म्हणाले.

तिनं बुटांच्या खोक्याचं एक झाकण घेतलं आणि त्याला मधोमध चौकोनी खिडकी कापली. "यातून बघायचं. आत दिसेल तेवढंच फोटोत येणार. आणि नुसतं उभं राहून नाही, खाली बसूनही बघायचं. मुलं तेवढ्याच उंचीची असतात."

"माझ्या गुडघ्यांना विचारून सांगतो," काका म्हणाले, पण बसले.

मग गावभर लोकांना ते दिसू लागले. कधी ओढ्यावर, कधी शाळेमागच्या टेकाडावर, डोळ्याला झाकण लावून, एक गुडघा जमिनीला टेकून. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं एकदा हटकलंच, "काय काका, आता झाडांनाही मीटर बसवलेत वाटतं?"

"बसवलेत ना," काका झाकण न काढताच म्हणाले. "तुझ्या दुकानापुढच्या झाडाचं रीडिंग फार आलंय."

अशातच मुलीला एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील सुतार होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. दवाखान्याखेरीज घराबाहेर पडलेले नाहीत. चार भावंडं चार गावांना, आणि सगळ्यांना जमेल असा येत्या पंधरवड्यात एकच दिवस. "अण्णांना नदीवर फोटो हवाय. आम्हा चौघांना त्यांनीच पोहायला शिकवलं, तिथंच. तोंडातून शब्द नीट निघत नाही, पण नदी म्हणाले की कळतं."

ती जागा मुलीला ठाऊक होती. खाली उतरायला बेचाळीस पायऱ्या. "खुर्ची नाही जाणार," तिनं घरी सांगितलं. "अंगणातच काढू म्हणते. चार कुंड्या मागे ठेवू."

"नदी म्हणाले ना ते?" काकांनी विचारलं.

"बाबा, नदीला सगळीकडे काठ आहे, पण रस्ता नाही."

काका तीन दिवस काठाकाठानं हिंडले. कुठं कुंपण, कुठं काटेरी झुडपं, कुठं नुसता कडा. चौथ्या दिवशी मोजे घालता घालता त्यांना एकदम जुनं पंपघर आठवलं. तिथला मीटर मागच्या भिंतीवर होता, आणि वाचायला आत शिरून पलीकडच्या दारानं बाहेर पडावं लागायचं. बाहेर एक लांबरुंद फरसबंद ओटा, आणि ओट्याखालीच नदी. पूर्वी यंत्रं होडीतून आणून तिथं उतरवत, म्हणून ओटा पाण्याच्या इतका जवळ. गाडी फाटकापर्यंत, पुढे सपाट फरशी. एकही पायरी नाही!

पंपघर बंद पडून बरीच वर्षं झाली होती. फाटकाला कुलूप. किल्ली शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईंकडे. त्यांचे यजमान पंप चालवायचे, आता नव्हते. बाईंनी दार किलकिलं केलं, काकांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मीटरवाले ना तुम्ही? केस कुठं गेले तुमचे?"

"निवृत्त झाले," काका म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "आमचा मीटर दिवे बंद असताना फिरायचा, तेव्हा तुम्हीच बसून अर्ज लिहून दिला होता. कुणी दुसऱ्यानं नसता लिहिला." त्यांनी पाण्याच्या खात्यातल्या साहेबांचा नंबर दिला. साहेबांनी परवानगी दिली. वर विचारलंही, तिथं बघण्यासारखं काय आहे?

बघण्यासारखं तेव्हा खरंच काही नव्हतं. ओट्यावर कमरेइतकं गवत, भेगांतून रोपं उगवलेली. काकांनी विळा नेला आणि काकूंनाही सोबत नेलं. काकूंनी खराटा हातात घेतला, समोर वाहणारं पाणी आणि पलीकडच्या काठावरची गर्द झाडी पाहिली. "इतक्या वर्षांत एकदा फिरायला आणलंत, तेही झाडायला," असं म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. दोन दिवसांत ओटा लख्ख झाला. मुलीनं येऊन झाकणातून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खाली बसून बघितलं. मग झाकण बाजूला ठेवून नुसतीच बघत राहिली.

ठरल्या दिवशी आभाळ भरून आलं. काका सारखे वर बघत होते. वहीत त्यांनी उन्हाची मिनिटं लिहून ठेवली होती. मुलगी म्हणाली, "उलट बरं झालं. असल्या उजेडात कुणाचे डोळे मिटत नाहीत."

मंडळी आली. चार भावंडं, त्यांची मुलं, आणि खुर्चीत अण्णा, धुतलेला पांढरा शर्ट घालून. खुर्ची अंधाऱ्या पंपघरातून गडगडत गेली आणि पलीकडच्या दारातून ओट्यावर आली. अण्णांनी मान वर केली. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

इकडे भावंडांचं जुंपलं. "मी थोरला, मी मागे." "तू उंच आहेस म्हणून मागे, थोरला म्हणून नाही." मुलगी ओळी लावत होती, आणि अण्णा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. ते एकसारखे उजव्या पायानं डाव्या पायातली चप्पल ढकलत होते.

"अण्णा, इकडे बघा हं," मुलगी म्हणाली. डॉक्टरांनी तासाचीच मुभा दिली होती.

"थांब जरा," काका पुढे झाले. ते अण्णांपुढे गुडघ्यावर बसले. "पाण्यात पाय सोडायचेत?"

अण्णांनी डोळे मिटून मान डोलावली.

"काहीतरीच काय!" धाकटी लेक घाबरली. "खोल असेल."

"ओट्याखाली एक रुंद पायरी आहे. तिच्यावर वीतभर पाणी, शेवाळ कालच घासून काढलंय. मी तीन ठिकाणी मोजलंय," काका म्हणाले.

थोरल्यानं पँट वर दुमडली. मग दुसऱ्यानं. दोघांनी अण्णांना काखेत धरून ओट्याच्या कडेवर बसवलं. एक लेक या बाजूला, एक त्या बाजूला, अण्णांना धरून. मुलगे पाण्यात उभे, नातवंडं जागा मिळेल तिथं. अण्णांचे दोन्ही पाय पाण्यात गेले.

"गार," अण्णा म्हणाले. स्पष्ट.

धाकटी हसायला लागली आणि हसताहसता तिला रडू फुटलं. थोरल्यानं पाण्यातला हात तिच्या तोंडावर झटकला, तशी ती ओरडली आणि अण्णांचं अख्खं तोंड, अगदी झटक्यानं ओघळलेल्या बाजूसकट, हसलं. त्या वेळी मुलगी ओळीबिळी विसरून कधीचीच पाण्यात उतरली होती आणि फोटो काढत होती.

परतताना गाडीत दोघंच होती. "बाबा, वीतभर पाणी मोजायचं मला नसतं सुचलं," ती म्हणाली.

"मला तरी ओळी लावायचं कुठं सुचतं?" काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आता मुलीकडे फोन आला की ती तारीख ठरवते आणि फोन काकांकडे देते. माणसं किती, गुडघे कुणाचे दुखतात, लहान मुलं कशाला घाबरतात, एवढं ते विचारून घेतात. मग वही उघडतात. आठवड्यातून दोनदा पंपघरावरही फेरी होते. बाईंनी ओट्याच्या कडेला जाईचा वेल लावलाय आणि काकूंची त्यांच्याशी चांगली गट्टी जमलीय.

परवा सकाळी काका नदीच्या पलीकडे गेले होते. नऊ वाजता त्यांचा मुलीला फोन आला. "अगं, इथं कुरण आहे, कडेनं उंच झाडं आहेत आणि मधून सपाट पायवाट जाते. इकडे वीजच नाही, म्हणून एकतीस वर्षांत मी कधी आलोच नव्हतो. तू कॅमेरा घेऊन ये. आणि आईलाही आण, पण खराटा आणू नको म्हणावं."