हौदाच्या तोंडाशी बसलेली बाई

कॉलेजच्या सुट्टीत मी जिंतूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होतो. तिथं चाळणीवर एक बाई असायची. सगळे तिला मावशी म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद असली तरी ती खेड्यातून चालत यायची. हादरणाऱ्या चाळणीवर तळहात टेकवून, एकाच बाजूला सरकणारे दाणे बघत राहायची.

एका दुपारी तुरीच्या हौदात पडलेलं पोतं काढायला मी उतरलो. खालून मशीन तूर ओढत होतं. गुडघ्याएवढी तूर बघता बघता छातीशी आली. मी पाय झाडले, तसा आणखी खाली गेलो.

“मशीन बंद करा!” मावशी ओरडली. काठावर पालथी पडून तिनं माझ्या काखांत हात घातले. “पाय हालवू नको, बाबा. एक दाना हालला की समदे त्याच्यामागं धावत्यात.”

हमालांनी घमेल्यांनी तूर उपसली. तोवर तिनं मला सोडलं नाही.

मी बाहेर आलो तसे मालक म्हणाले, “चला, मशीन चालू करा.”

ती हौदाच्या तोंडाशीच बसली. “वर जाळी बसवल्याबिगर न्हाई.”

“उद्या बसवू.”

“मग मशीन बी उद्याच.”

मालक कामावरून काढीन म्हणाले, तरी ती हलली नाही. मग एक हमाल तिच्याशेजारी येऊन बसला. त्याच्यामागून बाकीचेही आले.

संध्याकाळी वेल्डरनं जाळी बसवली, तेव्हाच ती उठली. पदर खोचत मला म्हणाली, “म्या बी लई भ्याले व्हते, बाबा.” तोवर मला ते जाणवलंच नव्हतं.