लाल दोऱ्याचा खल

खलवाले सर चिडले की त्यांचा आवाज खाली यायचा. मोठ्यानं बोलत तोवर धोका नसे. ते कुजबुजू लागले की आमच्या तालुक्याच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची अख्खी प्रयोगशाळा हातातलं काम थांबवायची. कारण बहुधा एकच असे: कुणीतरी त्यांच्या खलाला हात लावलेला असे.

तळहाताएवढा, दगडी खल. सरांनी स्वतः विकत घेतलेला, बत्त्याला लाल दोरा बांधलेला. त्यात एकच पूड घोटली जाई, जस्ताच्या संयुगाची. पांढऱ्या एलईडी दिव्यात जी पूड लावतात, तिला सहसा दुर्मिळ मूलद्रव्यं लागतात. ती बाहेरून येतात आणि खाणींपाशी विषारी चिखल मागे ठेवतात. सरांना त्यांच्याशिवाय, एकाच अर्धवाहक पुडीतून पांढरा उजेड हवा होता. त्या दुर्मिळांतल्या एखाद्याचा कण जरी मिसळला तरी प्रयोग खोटा. म्हणून खल वेगळा. "घरी मी कोनाचं सोवळं चालू देत नाई," ते आम्हा विद्यार्थ्यांना सांगत. "पन याचं पाळतो. काऊन, तर हे तपासता येते."

सर रोहण्याच्या घरून बसनं यायचे, पूड भट्टीत तापवायचे, अतिनील दिव्याखाली धरायचे आणि निकाल स्वतःच जाहीर करायचे: "हिरवट." मी शिकत होते तेव्हा हिरवट, मी वर्ध्याला बातमीदार झाले तेव्हाही हिरवट. सहकारी विचारत, "काय सर, पालक शिजला का?" सर म्हणत, "शिजला. ताट घेऊन ये, वाढतो तुले."

मग एकदा पूड पांढरी उजळली. विभागप्रमुखांनी त्याच आठवड्यात पत्रकारांना बोलावलं. नमुना मोजणीसाठी नागपूरला गेला होता, त्याच्या उजेडातल्या रंगांचा आलेख यायचा होता. सर मागच्या बाकावर बसले होते. मला म्हणाले, "पोरी, आलेख येऊ दे. मंग लिहिजो." मी थांबले नाही. मला पहिलं पान मिळत होतं. बातमी माझ्या नावानं छापून आली.

आलेख आला त्या दिवशी मी फोटोसाठी कॉलेजातच होते. सरांनी कागद टेबलावर पसरला आणि आलेखातल्या एका उभ्या, अणकुचीदार रेघेवर बोट ठेवलं.

"आपला उजेड म्हशीच्या पाठीवानी येते, रुंद," ते कुजबुजले. "ही लाल सुई युरोपियमची आहे. माह्या खलात युरोपियम कोनं घोटलं?"

युरोपियम म्हणजे त्या दुर्मिळांपैकीच एक. विभागप्रमुख म्हणाले, "तपासणी समिती येणार होती. बाकीचे खल खराब पडले होते, म्हणून माझा युरोपियमचा नमुना तुमच्या खलात केला. धुतला होता की सर."

"धुतला! चहाची कपबशी आहे का ते?"

"उजेड पांढरा पडला ना? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता कायले उकरून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी सर आलेखाची गुंडाळी घेऊन आमच्या कार्यालयात आले. दुरुस्ती छापा, एवढंच मागणं. संपादक म्हणाले, "सर, वाचकाले सुई कायले दाखवता? जिल्ह्याची चांगली बातमी आहे, राहू द्या." मी शेजारच्या टेबलाशी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करत राहिले. जाताना ते माझ्यापाशी थांबले. आवाज अगदी खाली होता. "तुह्या नावानं छापलं ना? मंग तुह्याच नावानं खोडजो."

त्यांनी नवा खल घेतला, नवा लाल दोरा बांधला. पूड पुन्हा हिरवट आली. प्रत्येक बैठकीत ते आलेख पुढं ठेवत राहिले. मग भट्टी दुरुस्तीसाठी म्हणून उचलून नेली गेली आणि परत आली नाही. तिच्याविषयी सरांनी दिलेल्या अर्जांना उत्तर मिळालं नाही. संस्थेनं विभागप्रमुखांना शाल-श्रीफळ दिलं. सर भट्टीविनाच निवृत्त झाले.

रोहण्याला मी एकदाच गेले. जुना खल फळीवर होता. काकूंना त्यात वेलची कुटायची होती. "कितीदा सांगू," सर मला म्हणाले, "हिले चहात युरोपियम पाह्यजे." आम्ही तिघंही हसलो. दुरुस्तीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, आणि त्याला भीड म्हणणं खोटं होईल.

मागच्या महिन्यात सर गेले. आमच्या वर्तमानपत्रानं फोटोसह बातमी दिली: 'पांढऱ्या उजेडाचे जनक'. मजकूर माझ्याच जुन्या बातमीतून शब्दशः उचललेला होता. जे खोटं पुसण्यासाठी त्या माणसानं भट्टी गमावली, तेच त्याच्या फोटोखाली छापलं गेलं. विभागप्रमुखांनी शोकसभेत ते वाचून दाखवलं. हे खोटं आहे म्हणायला एकही जण उठला नाही. मी तिसऱ्या रांगेत होते.

म्हणून दुरुस्ती, माझ्या नावानं: त्या पुडीचा पांढरा उजेड दुर्मिळ मूलद्रव्यांशिवायचा नव्हता. तिच्यात युरोपियम मिसळलं होतं. ते सरांनीच ओळखलं आणि लगेच सांगितलं. आम्ही छापलं नाही. सरांची स्वतःची पूड शेवटपर्यंत हिरवट होती.