चपटी बाजू

जिजाबाईंचे तळवे बाळाच्या डोक्याभोवती वाटीसारखे बसत. महाल भागातल्या जुन्या वस्तीत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता लग्नाची झाली होती, आणि एखाद्याचं गोल डोकं दिसलं की बायका म्हणत, जिजाबाईचा हात आहे. अंग तेलानं चोळायचं, नाक चिमटीत धरून ओढायचं, मग कपाळ आणि मागची बाजू दोन्ही हातांनी हळूहळू दाबायची. कोवळ्या डोक्याला हातानं आकार देता येतो, याची त्यांना कधी शंकाच आली नव्हती.

शहराच्या कडेला, बेसामधल्या चारुलताच्या फ्लॅटमध्ये मात्र हा हात चालेना. तिची नूपुर तीन महिन्यांची झाली आणि डोक्याची मागची उजवी बाजू चपटी होत गेली. उजवा कानही किंचित पुढे सरकल्यासारखा दिसे. जिजाबाई जास्त वेळ दाबत, नूपुर रडे, आणि चपटेपणा होता तसाच राही.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोकं पाहिलं. दुसऱ्या सकाळी चारुलतानं दारातच सांगितलं, "मावशी, आजपासून डोकं दाबायचं नाही."

"काहून वं? मी काय नारळ फोडून राहिलो?"

"तसं नाही हो. त्या म्हणाल्या, कवटीची हाडं अजून सुटी असतात. आतून मेंदू वाढतो आणि हाडांना बाहेर ढकलतो. जिथे अडत नाही तिथे डोकं वाढतं, जिथे गादीचा दाब तिथे थांबतं. ही खिडकीकडेच बघत झोपते ना, सगळा भार उजवीकडे. वरून दाबून ते भरून येत नाही. पाळण्यात उलटं निजवा म्हणाल्या. उजेड डावीकडून आला की मान आपणच तिकडे वळेल."

जिजाबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये तो एकाच तऱ्हेनं बसत होता. उलटं निजवायचं म्हणजे डोकं उत्तरेला. माणूस गेल्यावर ठेवतात तसं. बाळ घरी आलं त्या दिवशी, डोकं दक्षिणेलाच हवं, असं त्यांनीच बजावलं होतं. आणि चारुलताच्या सासूबाई अमरावतीहून रोज फोनवर तेच विचारत.

"त्या डॉक्टरीणबाईले म्हणाव, आधी तू झोप उत्तरेले."

"मलाही भीती वाटते मावशी. पण हिचं डोकं बघवत नाही. तुम्ही हो म्हणाल तरच फिरवते. आईंना तुमचा शब्द चालतो, डॉक्टरांचा नाही."

जिजाबाई तेलाची वाटी घेऊन खाली बसल्या आणि नूपुरचे पाय चोळू लागल्या. चोळता चोळता त्यांचा केशव मनात आला. तो तान्हा असताना त्या घरोघर मालिशला जात आणि तो दिवसभर खाटेवर, दाराच्या उजेडाकडे मान करून पडलेला असे. संध्याकाळी येऊन त्या त्याचं डोकं दाबत, बाकीच्या पोरांपेक्षा जास्त. तरी ते एका बाजूनं बसकंच राहिलं. गल्लीतल्या बायका हसत: लोकाईच्या पोराले लाडू अन् आपल्या पोराले भाकर.

इतकी वर्षं त्यांनी दोष केशवच्या हाडाला दिला, नवऱ्याकडच्या वळणाला दिला. बाकीची पोरं तर या कडेवरून त्या कडेवर, या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. कुणाचं डोकं एका जागी टेकून राहिलंच नव्हतं.

त्यांचे हात नूपुरच्या पोटरीवर थांबले. मग हातांनी केलं तरी काय? चोळलं, ऊब दिली, तेवढंच. आकार आतून येत होता. वाढणाऱ्या जिवाला जिथे वाट मिळे तिथे तो सरके, जिथे काही टेकलेलं असे तिथे थबके. आणि माणसं नंतर त्या थबकण्याला नावं ठेवत.

त्यांनी नूपुरला उचललं. पाळण्याच्या उत्तरेकडच्या टोकाशी उभ्या राहिल्या, पण तिला लगेच खाली ठेवलं नाही. चारुलताला ते दिसलं.

"मावशी, नको वाटत असेल तर..."

"गप राय वं."

त्यांनी डोकं उत्तरेला टेकवलं. नूपुरनं भिंत पाहिली, कपाट पाहिलं, कुरकुर केली, आणि मग मान हळूहळू डावीकडे, खिडकीकडे वळली. चपटी बाजू गादीपासून सुटून वर आली. तिथले केस घासून गेले होते. जिजाबाईंचा तळवा सवयीनं तिकडे गेला आणि मध्येच मागे फिरला.

"सासूले सांग, जिजाबाईनं ठेवलं. पाप लागलं तर मले लागन."

चारुलता चहा ठेवायला गेली. नूपुर झोपली. हुडकेश्वरच्या मालिशच्या घरून फोन आला, पाणी तापलंय, कधी येता? "येतो," जिजाबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. पाळण्याची दांडी धरून त्या तिची इवलीशी छाती वरखाली होताना पाहत बसल्या. चहावर साय धरली. पुन्हा फोन वाजला.

"आज नाई जमत बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एका पोरीपाशी बसून राहिलो."