परत आणलेला मुरूम

घरामागची आमची माती म्हणजे निव्वळ मुरूम, त्यात बांधकामातले विटांचे तुकडे. तिथे कागदी लिंबाचं रोप लावायचं म्हणून मी गुडघाभर खड्डा खणला, निघालेला मुरूम कोपऱ्यात फेकला आणि विकतची काळी माती अन् शेणखत काठोकाठ भरलं. रोपाला काही कमी पडू नये, एवढंच मनात होतं.

शेजारच्या सुमनताई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांचं माहेर संत्र्याच्या बागेतलं. "भाऊ, तो मुरूम परत आणा," त्या म्हणाल्या. "खत घाला थोडं, पण माती हीच मिसळा. सगळं खड्ड्यातच भेटलं तर मुळं बाहेर कायले जातील? तिथल्या तिथंच गुंडाळत बसतील."

मी घमेल्यानं मुरूम परत आणू लागलो. मागच्या खिडकीत आई बसली होती. बाबा गेल्यावर तिला गावाहून इथं आणलं, तेव्हा तिची खोलीही मी अशीच भरली होती. टीव्ही, गरम पाणी, औषधं, बसल्या जागी चहा. माया खोटी नव्हती. पण वर्ष झालं, गल्लीतलं एकही माणूस तिला नावानं ठाऊक नाही.

रोप लावून झालं. "आई, याला पाणी तू घालायचंस," मी म्हणालो, "आणि किती घालायचं, ते सुमनताईंकडे जाऊन विचारून ये."

आई लगेच उठली. दारापर्यंत आली आणि थांबली. आपल्या चपला कुठे ठेवल्यात, ते तिला मला विचारावं लागलं.